अकरा मशिनं आणि यावोर

३० जानेवारी २०२३, सोमवार

रुग्णालयाच्या नव्या सर्व्हरचं काम ‘जर्मनीत बावीस वर्षं काढलेले एक तज्ज्ञ’ करणार आहेत, असं संचालिका डॉ. गेनोवा यांनी सकाळच्या बैठकीत सांगितलं. दार उघडलं आणि आत आला यावोर राश्कोव.

यावोर! विदिनच्या गणिताच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. वर्गात प्रावेत्स कॉम्प्युटर एकच होता, त्यामुळे आळीपाळीनं. त्याची पाळी नेहमी माझ्या पाळीपेक्षा लांबायची.

सगळ्यांसमोर त्यानं मला मिठी मारली. “मोम्चिल! लेका, अजून इथेच?”

अजून इथेच. एकोणीस वर्षं या रुग्णालयाचं तळघर मी एकट्यानं सांभाळलं. अकरा जुनी मशिनं आहेत. कुठलं कधी धापा टाकतं ते मला जिन्यावरून ऐकू येतं. आणि हा आयत्या बिळावर नागोबा.

“मोम्चिल, यांना हवं ते दाखवा,” बाई म्हणाल्या. जसा काही मी घराचा रखवालदार.

१ फेब्रुवारी, बुधवार

यावोरनं आज सगळ्या विभागांना समजावून सांगितलं. “आज तुमच्याकडे अकरा कुटुंबं अकरा पडक्या घरांत राहतात. एकाचं छप्पर गळलं की ते कुटुंब रस्त्यावर. आपण तीन भक्कम इमारती बांधू. प्रत्येक कुटुंबाला आपला फ्लॅट, आपलं दार, आपलं मीटर. लॅबचं मशीन, एक्स-रेचं मशीन, औषधांचं मशीन, सगळी आत राहतील, पण लोखंडाची नसतील, नुसती सॉफ्टवेअरनं मांडलेली असतील. एक इमारत बंद पडली तर सामानासकट दुसरीत जातील. राहणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.”

“आणि भिंतीतून शेजाऱ्यांची भांडणं ऐकू आली तर?” लॅबच्या फिल्कानं विचारलं. तिचं पूर्ण नाव त्रेन्दाफिल्का, पण एवढं लांब नाव घ्यायला लॅबमध्ये वेळ कुणाला असतो! सगळे हसले. यावोर सगळ्यांत मोठ्यानं हसला.

हेच मी पाच वर्षांत तीनदा लिहून दिलं होतं. इमारती नव्हत्या त्यात, मीटर नव्हतं, म्हणून कागद फाइलीत गेले. याला टाळ्या.

६ फेब्रुवारी, सोमवार

खोकी आली. तीन सर्व्हर आणि सामायिक साठवणीचं एक जडशीळ कपाट. ते तळघरात उतरवताना माझी पाठ धरली. यावोर पायऱ्यांवर उभा राहून “हळू, हळू” म्हणत होता.

त्याच्याकडे एक तपकिरी वही असते. प्रत्येक गोष्ट तीत जाते. ‘९.४०, मोम्चिल म्हणाला, जिन्याखालचा स्विच जुना आहे.’ आधी मला वाटलं, जर्मन शिस्त. आता वाटतं, पुरावे गोळा करतोय. उद्या काही बिघडलं की वही काढणार आणि म्हणणार, हे बघा, मोम्चिलच म्हणाला होता.

केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावतो, मोठ्या अक्षरांत, बालवाडीत लावतात तशा. आणि रोज सकाळी मला विचारतो, “काल कुठपर्यंत आलो होतो आपण?” मास्तर धडा विचारतात तसं. मी घडाघडा म्हणून दाखवतो. दुसरं काय करणार?

९ फेब्रुवारी, गुरुवार

बायकोच्या, स्नेझानाच्या फार्मसीतून यावोर बाहेर पडताना दिसला. या आठवड्यात दुसऱ्यांदा.

रात्रीच्या जेवणाला सहज विचारलं, “यावोर आला होता का दुकानात?”

“आला होता.”

“कशाला?”

“फार्मसीत लोक कशाला येतात?”

“मी आपलं विचारलं.”

“गिऱ्हाइकांचं मी घरी सांगत नाही, मोम्चिल. तुला माहीत आहे.” आणि उठून भांडी घासायला लागली, निम्मी भांडी स्वच्छ होती तरी.

शाळेत असताना एक उन्हाळाभर ती आणि यावोर नदीकाठी फिरायचे. नंतर तो राजधानीला, सोफियाला गेला आणि मी राहिलो. बाकी तिनं माझ्यात काय पाहिलं, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. उत्तर ‘तू इथे होतास’ असं आलं तर?

१० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी तिनं चीज घातलेल्या बानित्साचे दोन डबे बांधले. “एक यावोरला दे. आणि समोर बसून खायला लाव. त्याला जेवायचं लक्षात राहत नाही.”

त्याला काय लक्षात राहतं आणि काय नाही, हे हिला बरं माहीत!

दिला डबा. समोर मात्र बसलो नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

त्रिफोन झारेझान. द्राक्षाच्या वेली छाटायचा सण. यावोरनं त्याच्या आईच्या जुन्या घरी बोलावलं होतं. अंगणात चार वेली उरल्यात. मी पोचलो तर घराला कुलूप. अर्धा तास थंडीत उभा होतो. शेवटी महाशय गल्लीच्या त्या टोकाला सापडले, हातात कात्री घेऊन दुसऱ्याच फाटकासमोर उभे.

“फिरत होतो,” म्हणाला.

मी गारठून मरतोय आणि हा फिरतोय.

छाटणी झाली, वेलीवर वाइन ओतली, प्यायलोही. मग त्यानं १९८५च्या स्पर्धेची गोष्ट काढली. दोन गुणांनी मला मागे टाकून तो सोफियाला गेला होता, ती. मी ऐकून घेतली. पाऊण तासानं पुन्हा तीच, त्याच शब्दांत. जखमेवर मीठ किती चोळावं माणसानं! दुसऱ्या खेपेला एवढं मात्र जोडलं, “तुझं उत्तर माझ्याहून सुंदर होतं. मी परीक्षकांना सांगायला हवं होतं.”

अडतीस वर्षांनी सांगतोय.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

खरं लिहितो. आज माझ्या अंगावर काटा आला.

धुलाईघराचं मशीन आम्ही नव्या व्यवस्थेत हलवलं. तिथे चादरींचाच हिशेब असतो, बिघडलं तरी कोणी मरणार नाही. ते चालू असताना यावोरनं ते पहिल्या सर्व्हरवरून दुसऱ्यावर सरकवलं. धुलाईघरातली बाई टाइप करतच होती. तिचं एक अक्षरही अडकलं नाही. पुस्तकात मी हे वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

“आता तू कर. मी बघतो,” तो म्हणाला.

प्रत्येक बाबतीत त्याचं हे असंच. आधी स्वतः करतो, मग मला करायला लावतो, मग म्हणतो, “अजून एकदा, माझ्याकडे न बघता.” पंचावन्न वर्षांच्या माणसाला उमेदवारी करायला लावतोय. मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्याच्याहून लवकर झालं. “झकास!” म्हणून पाठ थोपटली. थोपटलेली जागा संध्याकाळपर्यंत खुपत होती.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

बाकीची हलवून झाली की शेवटची पाळी लॅबची. रक्तगट, रक्ताच्या पिशव्या, जुळणी, सगळं त्या मशीनवर. यावोरनं विचारलं, “त्याला बाहेरून काही लावलेलं आहे? परवान्याची किल्ली वगैरे?”

आहे. बोटाच्या पेराएवढी, यूएसबीत खोचतात तशी. ती नसेल तर लॅबचा प्रोग्राम चोवीस तास चालतो आणि मग कुलूप लावून बसतो. पूर्वी ती मशीनच्या पाठीमागे असायची. २०११ साली झाडू लागून तुटली आणि नवी यायला सहा आठवडे गेले. तेव्हा मी मशीन उघडून नवी किल्ली आत, मदरबोर्डवरच बसवली. झाडूही पोचणार नाही आणि नजरही. हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. यादीतही नाही, कारण यादी मीच केली.

मी म्हटलं, “बाहेरून? बाहेरून काही नाही.”

प्रश्न बाहेरचा होता, मी बाहेरचं उत्तर दिलं. त्यात खोटं काय?

त्याची वही वर कॅन्टीनमध्ये राहिली होती. त्यामुळे हे लिहिलं गेलं नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सकाळी पुन्हा तेच. “लॅबच्या मशीनला काही किल्ली वगैरे आहे का रे?”

माझी परीक्षा घेतोय, दुसरं काय! संशय आलाय त्याला. मी थंडपणे म्हटलं, “सांगितलं ना काल.”

तो लालबुंद झाला. “हो हो. सांगितलंस. अर्थातच.” वहीची पानं पुढेमागे केली, मग घाईघाईनं एक ओळ खरडली. मी तिरक्या नजरेनं वाचली. ‘लॅब: मोम्चिलनं सगळं सांगितलं आहे.’

त्याला असं गोंधळलेलं पाहून मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं.

१ मार्च, बुधवार

स्नेझानानं वसंताच्या मार्तेनित्सा वळल्या. लाल-पांढऱ्या धाग्याचे तीन जोड. एक तिचा, एक माझा, एक त्याचा. त्याच्या मनगटावर तिनं स्वतः बांधला. मला म्हणाली, “तुझा तू बांधून घे, माझे हात पिठाचे आहेत.” त्याच्या वेळी नव्हते वाटतं.

फिल्का जिन्यात भेटली. “काय इंजिनियरसाहेब, नवीन संगणक विभाग होतोय म्हणे. प्रमुख कोण, विचारू नका.”

“कोण?”

“विचारू नका म्हटलं ना!”

विचारायची गरजच नव्हती.

३ मार्च, शुक्रवार

राष्ट्रीय सुट्टी. वर्दळ कमी, म्हणून आजचा दिवस ठरवला होता. सकाळी दहाला लॅब नव्या व्यवस्थेवर आली. शेवटचं जुनं मशीन बंद झालं आणि तळघरात अशी शांतता पसरली की मला माझेच कान ऐकू आले. डॉ. गेनोवा केक घेऊन खाली आल्या. टाळ्या यावोरला. त्यानं माझा हात धरून वर केला, कुस्ती जिंकलेल्याचा करतात तसा. “हा नसता तर काही झालं नसतं!” दान म्हणून फेकलेली नाणी माणसानं कशी घ्यावी?

उद्या दहा वाजता प्रोग्राम कुलूप लावेल. मला माहीत आहे.

उद्या सकाळी लवकर जाऊन सांगेन. नाहीतर गुपचूप लावून टाकेन. थोडा घाबरू दे त्याला, एवढंच. शनिवारी लॅबमध्ये काम तरी कितीसं असतं?

४ मार्च, शनिवार

साडेनऊला पोचलो. सांगितलं नाही. ‘आता सांगू, कॉफी झाल्यावर सांगू’ करत राहिलो.

दहा वाजून चार मिनिटांनी फोन. फिल्काचा आवाज तळघरभर घुमला. “पडदा लाल झालाय! ‘परवाना सापडत नाही’ म्हणतोय! प्रसूतीच्या वॉर्डात एक बाई रक्तानं भिजतेय, मला चार पिशव्या जुळवायच्या आहेत आणि तुमचा डबा मला कुठली पिशवी कुठल्या गटाची तेसुद्धा दाखवत नाही!”

यावोर खुर्चीत बसला आणि शोधू लागला. नेटवर्क बघितलं, साठवण बघितली. कपाळावरून घाम ओघळत होता. वही उघडली, एकेका पानावर बोट ठेवून वाचायला लागला. मी मागे उभा होतो. माझ्या खिशात पेचकस होता. सकाळीच घरून आणला होता, म्हणजे मनात होतंच ना माझ्या?

मी अकरा मिनिटं उभा राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात मोजली. ती पाठ थरथरताना मला बघायची होती. ज्या पाठीकडे मी शाळेपासून बघत आलो, ती.

मग वरून स्ट्रेचरची चाकं धडधडत गेली आणि माझे पाय हलले. कोपऱ्यातलं जुनं मशीन उघडलं, किल्ली काढली, नव्या सर्व्हरला लावली, लॅबच्या मशीनशी जोडून दिली. कशी जोडायची ते यावोरनंच मला तीनदा शिकवलं होतं. पडदा उघडला.

फिल्का तोवर थांबली नव्हती. तिनं चिनीमातीच्या पांढऱ्या पट्टीवर थेंब टाकून हातानं जुळणी केली, आणि पिशव्या छातीशी धरून तीन मजले धावत गेली. बाई वाचली. आस्या तिचं नाव. मुलगीही सुखरूप.

डॉ. गेनोवा खाली आल्या आणि माझा हात दाबून म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून.”

यावोर वहीतली ती ओळ दाखवत होता, बाईंना नाही, मला. “तू सांगितलं होतंस. हे बघ, मी लिहिलंय. तू सांगितलं होतंस, नाही का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बुटांकडे बघत राहिलो.

मी खोटं बोललो नाही. मी बोललोच नाही.

६ मार्च, सोमवार

यावोरनं राजीनामा दिला. मग मला वर गच्चीवर घेऊन गेला. नदी दिसते तिथून. पलीकडे रोमानिया.

“तुला सांगायला हवं,” म्हणाला. “ऑक्टोबरमध्ये डोर्टमुंडला डॉक्टरांनी सांगितलं. आठवण जातेय माझी. हळूहळू. नावं जातात, वार जातात, घराचं फाटक जातं. गोळ्या आहेत, त्या फक्त उशीर करतात.”

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

“पण काम जात नव्हतं, मोम्चिल. तेच तर मी बघत होतो. मुलीचं नाव चुकवायचो, पण सर्व्हर समोर आला की सगळं लख्ख. वाटलं, काम सगळ्यात शेवटी जाईल. घरी येऊन एक मोठं काम पुरं करावं, सगळं तुझ्या हातात द्यावं आणि मग काय व्हायचं ते होवो. आणि शनिवारी...” त्यानं कठड्यावर हात ठेवले. “तू मला स्पष्ट सांगितलंस. लिहिलेलंसुद्धा आहे. आणि माझ्या डोक्यात काहीच नाही. नुसती पांढरी भिंत. म्हणजे तेही गेलं.”

मी त्याच्या शेजारी उभा राहून पलीकडच्या काठावरची झाडं मोजली.

घरी स्नेझानाला म्हटलं, “यावोरनं सांगितलं.”

ती खुर्चीत बसली. “बरं झालं. मला गोळ्यांवरून कळलं होतं. तुझ्यापासून लपवणं फार जड गेलं रे. तू तर काय काय समजत होतास, ते दिसत होतं मला तुझ्या तोंडावर.”

तिलाही बाकीचं सांगितलं नाही.

७ मार्च, मंगळवार

प्रमुखपद माझं. बाईंनी बोलावून सांगितलं. “राश्कोव यांनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं, सहा महिन्यांनी हे सगळं तुमच्या हाती सोपवायचं. आता जरा लवकर होतंय, इतकंच.”

एकोणीस वर्षं हेच हवं होतं.

घरी येऊन दोन तास लाकडं फोडली. आपल्याला एवढी लाकडं लागतच नाहीत.

८ मार्च, बुधवार

महिला दिन. स्नेझानाला फुलं दिली आणि तिला सगळं सांगितलं, पेचकसासकट. तिनं फुलं पाण्यात ठेवली, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला काय सांगतोस? जा.”

यावोर सामान भरत होता, मुलीकडे जायला. दारातच सांगून टाकलं. आत गेलो असतो तर जमलं नसतं.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.

“किल्ली आत आहे, हे मी तुला सांगितलंच नव्हतं. बाहेरून काही नाही, एवढंच म्हणालो.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“‘सांगितलं ना काल’ म्हणालो. तू गोंधळावंस म्हणून.”

“आणि शनिवारी तुला माहीत होतं.”

“पहिल्या मिनिटापासून.”

तो सुटकेसवर बसला. मग विचारलं, “म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नव्हतास.”

“नक्की? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?”

“यावोर, मी आयुष्यात तुला बरं वाटावं म्हणून काही केलं आहे का?”

तेव्हा तो हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, सुटकेसवर हात आपटत. मग उठला आणि माझ्या कानाखाली एक ठेवून दिली, सणसणीत. “ही त्या बाईसाठी,” म्हणाला. “का रे, हरामखोरा? का?”

“तुझा हेवा वाटायचा.”

“माझा?” त्यानं टेबलावरच्या गोळ्यांच्या डबीकडे पाहिलं. सात खण, सात वार. “अजून वाटतो?”

मी खरं तेच सांगितलं. “हो.”

“कशाचा रे?”

मला सांगता आलं नाही. सांगता आलं असतं तर बहुतेक उरलाच नसता. त्यानं कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं, दोघांपुरतं.

१० मार्च, शुक्रवार

डॉ. गेनोवांना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. “तुम्हाला काढून टाकायला हवं. पण तुम्ही गेलात आणि राश्कोवही गेले, तर हे चालवणार कोण? म्हणून राहताय. दुसऱ्या कुठल्याही कारणानं नाही.” लेखी ताकीद. प्रमुखपद गेलं. यावोरनं राजीनामा मागे घेतला, जूनपर्यंत.

फिल्काला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिनं नळ्यांवरून नजर काढली नाही. “तीन मजले धावले मी, इंजिनियर. गुडघे माझे होते.” पूर्वी ‘साहेब’ म्हणायची. चेष्टेनं का होईना, म्हणायची.

आस्याच्या दारापर्यंत गेलो होतो. आत बाळ रडत होतं. घंटा न वाजवता परत आलो. तेवढं धैर्य अजून आलेलं नाही.

१७ मे, बुधवार

किल्लीचा प्रश्न कायमचा सुटला. यावोरला युक्ती सुचली. किल्ली कुठल्याही एका सर्व्हरला न लावता नेटवर्कवरच्या एका छोट्या डबीत ठेवायची, म्हणजे लॅबचं मशीन कुठेही सरकलं तरी ती त्याला सापडेल. दोन दिवसांत केलं. सकाळी तो वार विसरला होता आणि दुपारी हे.

मला का नाही सुचलं?

मग चाचणी. फिल्काला आधी कळवलं, तिनं हातानं जुळणीची तयारी करून ठेवली आणि म्हणाली, “यावेळी मला सांगितलंत, आभारी आहे.” यावोरनं स्वतःच्या हातानं पहिल्या सर्व्हरची वीज तोडली. वरच्या मजल्यांवर कुठे एक मिनिट, कुठे दीड मिनिट पडदे थांबले आणि पुन्हा उठले. दुसऱ्या इमारतीत. सगळी कुटुंबं, सगळं सामान. फिल्काचा फोन आला. “चालू आहे,” एवढंच म्हणून ठेवला.

यावोर तोडलेली वायर हातात धरून उभा होता, मासा पकडल्यासारखा. मी टाळ्या वाजवल्या. खालच्या त्या तळघरात आम्ही दोघंच होतो.

१६ सप्टेंबर, शनिवार

चार महिन्यांनी ही वही उघडतोय.

आज यावोरच्या अंगणात मिरच्या भाजल्या, हिवाळ्याच्या चटणीसाठी, ल्युतेनित्सासाठी. त्याची मुलगी इरिना डोर्टमुंडहून आली आहे, त्याच्याजवळ राहायला. मी मिरच्या भाजत होतो, स्नेझाना सोलत होती, यावोर सोललेल्या पुन्हा न सोललेल्यांत टाकत होता आणि कोणी काही म्हणत नव्हतं.

मग त्यानं काळे झालेले हात पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मुलीला म्हणाला, “हा मोम्चिल. रुग्णालयाचं ते सगळं काम याच्यामुळे झालं. यानं मला एकेक गोष्ट सांगितली. काही म्हणजे काही लपवलं नाही.”

आधी मला वाटलं, टोमणा मारतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता.

इरिनानं माझे मिरचीचे हात तसेच हातात घेतले. “बाबा तुमच्याबद्दल फार बोलतात. मनापासून आभार मानते मी तुमचे.”

एवढं सोपं होतं. त्याच्याकडून ते पुसून गेलं होतं आणि तिला कधी कळणार नव्हतं. अंगणात मिरच्यांचा धूर, ऊन, माझं नाव घेऊन केलेली स्तुती, तीही यावोर राश्कोवच्या तोंडून. आयुष्यभर जिची वाट पाहिली ती. स्नेझानानं सोलणं थांबवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण सुरी थांबली.

“इरिना, हे खरं नाही,” मी म्हटलं. आणि दोघांना सगळं सांगितलं. किल्ली, बाहेरून काही नाही, सांगितलं ना काल, अकरा मिनिटं, आस्या. इरिनानं माझे हात सोडले.

यावोर ऐकत होता. पहिल्यांदाच ऐकत होता. त्याचा चेहरा लाल होत गेला, त्यानं मला तीच शिवी दिली, हरामखोर, आणि मी कान पुढे करून उभा राहिलो. पण या वेळी हात उठला नाही. तो बाकावर बसला. मग मान वर करून, जपून, उत्तराची भीती वाटत असल्यासारखं त्यानं विचारलं,

“म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नव्हतास,” मी म्हटलं.